जुन्या गाडीवर नजरेआड ठेवलेलं टूल किट: खडखड, गंज आणि वाटेत पडणारे पाने

मी नाशिकला जुन्या मोटारसायकली दुरुस्त करून पुन्हा मूळ रूपात उभ्या करतो. जावा, येझदी, कास्ट आयर्न बुलेट, मधूनच एखादी राजदूत. इंजिनाच्या आणि वायरिंगच्या तक्रारी गाडीगणिक वेगळ्या असतात. टूल किटची तक्रार मात्र जवळपास प्रत्येक गाडी परत घेऊन येते, आणि तीही पहिल्या पावसाळ्याच्या आत.

कारण सरळ आहे. एवढ्या मेहनतीने मूळ रूपात आणलेल्या गाडीवर सीटमागे बांधलेली बॅग नको वाटते. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी गाडी लावली तर ती बॅग दिसतेही सगळ्यांना. म्हणून सगळी हत्यारं साइडच्या डब्यात कोंबली जातात आणि झाकण लागलं की काम झालं असं वाटतं. हत्यारं लपतात, पण आत हलत राहतात, आणि पुढचा सगळा त्रास त्या हलण्यातून येतो. आधी हालचाल थांबवायची, मग ओलावा, आणि जागेचा विचार शेवटी. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात.

लक्षणं

यांतलं एकही दिसलं तरी पुढचं वाचा.

ठराविक वेगालाच मागून खडखड येते, त्याच्या वर किंवा खाली गेलं की थांबते. ब्रेकरवरून उतरताना एकदाच “टण्ण” असा आवाज येतो. डबा उघडला की हाताला लालसर पूड लागते. पाने एकमेकांना चिकटलेले असतात, किंवा पक्कड उघडत नाही. डब्याच्या बाहेरच्या रंगावर आतून टोचा आल्यासारखा फुगवटा दिसतो. झाकण लावायला मांडीने दाबावं लागतं. घरी पोचल्यावर एक हत्यार कमी असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेडलाइट मधूनच मंद होतो किंवा फ्यूज जातो, आणि वायरिंगमध्ये काहीच सापडत नाही.

पहिली तपासणी: रिकाम्या डब्याने एक फेरी

फुकटची तपासणी आहे, म्हणून ती पहिली. डबा पूर्ण रिकामा करा, झाकण लावा आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने जा. मी गंगापूर रोडने धरणाकडे जातो, कारण तिथे गुळगुळीत पट्टाही मिळतो आणि खडबडीतही.

आवाज गेला तर दोष किटचा. राहिला तर डब्याच्या झाकणाला हात लावून पुन्हा जा, म्हणजे मागे बसलेल्या माणसाने तळहात टेकवून ठेवायचा. चालवणाऱ्याने हात सोडायचा नाही. हाताने दाबल्यावर आवाज थांबला तर झाकण किंवा डब्याचा पत्राच वाजतोय. तरीही राहिला तर तो सायलेन्सरच्या क्लॅम्पचा, चेनगार्डचा किंवा इंजिन माउंटिंगचा असू शकतो, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही.

ही फेरी टाळू नका. एका बुलेटचे टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) मी दोन वेळा लावले. मालक दोन्ही वेळा परत आले, “काका, आवाज तोच आहे” म्हणत. तिसऱ्या वेळी मी डबा उघडला. टायर लिव्हर डब्याच्या मागच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि एक-सिलिंडर इंजिनाच्या ठोक्याबरोबर तो पत्र्यावर तालात वाजत होता. इंजिनाच्या ठोक्याशी जुळणारा आवाज इंजिनाचाच असतो असं नाही. इंजिन जे जे हलवतं, ते सगळं त्याच तालात वाजतं.

दुसरी तपासणी: डब्याच्या तळाशी काय साचलंय ते बघा

डबा झाडून टाकायच्या आधी थांबा. तळाचा कचरा पांढऱ्या कागदावर ओता आणि उन्हात बघा. मला यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातूनही कळत नाही.

कोकोसारखी बारीक, कोरडी, तांबूस-तपकिरी पूड असेल तर पाण्याचा दोष नाही. लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासलं की त्याचे सूक्ष्म कण सुटतात आणि सुटताक्षणी गंजतात. पान्याचा दांडा बघा: जिथे दुसरा पाना टेकत होता तिथे चकचकीत डाग आणि त्याच्या कडेला तपकिरी वलय दिसेल. यावर इलाज फक्त घट्ट बांधण्याचा. तेल पाजून ही पूड थांबत नाही, उलट तेलात मिसळून पॉलिशच्या लेपासारखी घासत राहते.

पापुद्रे सुटणारा, नारिंगी, खरबरीत गंज असेल तर पाणी आत येतंय किंवा ओलं फडकं आत राहिलंय. नाशिक शहरात पाऊस बेताचा वाटतो, पण इगतपुरी-घोटीच्या बाजूला एक फेरी मारली की मागचं चाक तासभर डब्याच्या बुडावर पाणी मारत राहतं.

पांढरट किंवा हिरवट भुकटी असेल तर लगेच हात लावू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या हत्यारांवर दमटपणाने पांढरी भुकटी येते, ती निरुपद्रवी आहे. पण शेजारी बॅटरी असेल तर ती ॲसिडचीही असू शकते. ओळखायची सोपी रीत: वाटीभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा विरघळवा आणि थेंब थेंब टाका. फेस आला तर ॲसिड आहे. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, सोड्याच्या पाण्याने फेस थांबेपर्यंत धुवा, मग साध्या पाण्याने, आणि उन्हात पूर्ण वाळवा. नंतर सरळ खाली बॅटरीच्या तपासणीकडे जा.

काळी, चिकट, रबरासारखी पूड असेल तर ती ट्यूबच्या पट्टीची किंवा जुन्या सीटच्या फोमची. ती नुसती काढून टाका.

तिसरी तपासणी: यातलं तुमच्या गाडीला खरंच काय लागतं?

सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर पसरा आणि गाडीपाशी बसा. एकेक पाना उचलायचा आणि तो गाडीवरच्या कुठल्या नटाला बसतो ते प्रत्यक्ष लावून बघायचं. जो कुठेच बसत नाही तो बाहेर. जो बसतो, पण ते काम तुम्ही रस्त्यावर करणार नाही, तोही बाहेर. सिलिंडर हेड कुणी कसारा घाटात उघडत नाही.

इथे बुलेटवाल्यांची हमखास फसगत होते. जुन्या बुलेटमध्ये इंची आणि मिलिमीटर अशी सरमिसळ असते, आणि आधीच्या मिस्त्रीने हाताला लागेल तो नट बसवलेला असतो. इंची व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असतं. म्हणजे १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा बसतो असं वाटतं, पण जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात. तसंच ५/१६ चं तोंड सुमारे १५.२ मिलिमीटर. बाजारातला तयार “संपूर्ण संच” घेतला की त्यातले निम्मे पाने या गाडीसाठी मेलेलं वजन असतात, आणि जे दोन लागतात ते त्यात नसतात. जावा-येझदीला हा त्रास नाही, त्यांचे आटे मिलिमीटरचे.

माझ्या हिशेबाने रोजच्या फिरण्याला एवढं पुरतं: प्लग पाना (१४ मिलिमीटर आट्याच्या नेहमीच्या प्लगला २१ चा), त्याचा दांडा, गाडीला बसणारे दोन-तीन दुतोंडी पाने, उलटसुलट होणारा एक स्क्रू ड्रायव्हर, छोटी पक्कड, फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या) पूर्ण जुडग्याऐवजी ०.४ ची एकच पट्टी, बोटभर पॉलिश पेपर, एक जादा प्लग, दोन फ्यूज, हातभर वायर, चेनचं एक जोडलिंक आणि इन्सुलेशन टेप. पॉइंटची (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट बुलेटला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि जावाला ०.४ च्या आसपास लागते, त्यामुळे एक पट्टी दोन्हीकडे चालते.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दीड किलोच्या आत असेल तर उत्तम, दोन किलोच्या वर गेलं तर पुन्हा बसा. मी हा आकडा डब्याच्या कानांवरून, म्हणजे ज्या पट्ट्यांनी तो फ्रेमला बसतो त्यांच्यावरून, ठरवलाय. तीन-साडेतीन किलो भरलेल्या डब्यांचे कान मी तडकलेले पाहिलेत, हलक्या डब्यांचे क्वचितच.

टायर लिव्हर? शहरात नको. सापुताऱ्याला किंवा राहूड घाटापलीकडे निघालात तर घ्या, पण या गुंडाळीत नको. त्यांची जागा पुढे सांगतो.

चौथी तपासणी: गुंडाळी

बहुतेक गाड्यांचं काम इथेच संपतं, म्हणून यावर वेळ द्या.

चामड्याची सुंदर पिशवी जुन्या गाडीला शोभते, पण हत्यारं तिच्यात कायमची ठेवू नका. चामडं ओलावा धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. दोन महिन्यांनी बाहेर काढलेल्या पान्यावर चामड्याच्या सुरकुत्यांचा ठसा गंजात उमटलेला मी पाहिलाय. जाड कॅनव्हास घ्या. भद्रकालीच्या बाजूला ताडपत्री आणि तंबूचं कापड विकणाऱ्या दुकानांत त्याचे तुकडे मिळतात. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून त्याला आठ-दहा उभे कप्पे मारून घ्या. प्रत्येक कप्पा त्या त्या पान्याच्या रुंदीचा हवा, पाना आत ढकलताना थोडा जोर लागला पाहिजे. वरून झाकायला चार बोटं कापड जास्त ठेवा, नाहीतर गुंडाळी उलटी झाली की पाने डोकं बाहेर काढतात.

आता रचना. मधल्या कप्प्यात सगळ्यात जाड वस्तू, म्हणजे प्लग पाना. तो पोकळ असतो, त्याच्या आत जादा प्लग त्याच्या कागदी पुठ्ठ्यासकट बसवा. पुठ्ठा काढू नका, प्लगचं चिनीमातीचं नाक एका ठोक्यात तडकतं आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही. दोन्ही बाजूंना पाने, एकाचं तोंड वर तर शेजारच्याचं खाली, म्हणजे गुंडाळी एका टोकाला फुगत नाही. कडेच्या कप्प्यांत वायर, टेप, पॉलिश पेपर, म्हणजे शेवटचे वेढे मऊ येतात आणि डब्याला मऊ बाजू लागते.

गुंडाळताना ती मांडीवर ठेवून पहिल्या वेढ्यापासूनच घट्ट ओढायची, शेवटी ओढून काही होत नाही. दोन जागी पट्ट्याने बांधा, एकाच जागी नाही. मग ती कानाजवळ धरून जोरात हलवा. आवाज आला तर सोडा आणि पुन्हा बांधा. चार-पाच वेळा करावं लागतं. ज्या दिवशी हातात नुसतं धप्प वजन जाणवतं आणि कानाला काहीच ऐकू येत नाही, त्या दिवशी ती गाडीवर जायला तयार.

पंक्चरवाल्याकडच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधायला सगळ्यात स्वस्त आणि चांगली. फक्त ती रंगाला थेट लागू देऊ नका. रबर महिनोन् महिने रंगाला टेकलं की फिकट रंगावर तपकिरी डाग पडतो आणि तो पॉलिशने जात नाही. त्यातल्या गंधकामुळे पितळ-तांब्याच्या वस्तूही काळ्या पडतात. मध्ये कापड ठेवा.

गंजासाठी पाने हलक्या मशीन ऑइलच्या फडक्याने पुसून घ्या, फक्त पुसून. ओघळेल एवढं तेल नको, धूळ धरतं आणि पाना हातातून सटकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून व्हीसीआय कागदाचा तुकडा मागून घ्या. मशीन केलेले पार्ट त्यात गुंडाळून पाठवतात. त्या कागदातून गंजरोधक वाफ हळूहळू सुटते आणि लोखंडावर तिचा थर बसतो. बंद जागेतच त्याचा उपयोग होतो, म्हणून तो गुंडाळीच्या आत घाला आणि वर्षाने बदला.

पाचवी तपासणी: पाणी येतंय कुठून

कचऱ्यात पापुद्रे असतील तरच हे करा.

डब्याला आतून चारी बाजूंनी कोरडं वर्तमानपत्र लावा, झाकण लावा, आणि साध्या पाइपने मागच्या चाकाच्या दिशेने, खालून वर, पाचेक मिनिटं पाणी मारा. सर्व्हिसिंगचा प्रेशर पंप वापरू नका, तो कुठेही पाणी घुसवतो आणि उत्तर चुकीचं येतं. मग कागद काढा. वरची कड ओली असेल तर झाकणाचं रबर दबून चपटं झालंय. मागची भिंत ओली असेल तर बोल्टच्या भोकांतून येतंय, तिथे रबरी वॉशर घाला. तळ ओला असेल तर खालच्या भोकातून.

ते खालचं भोक बुजवायचा मोह आवरा. पाणी बाहेर जायला ती एकच वाट असते. उलट, रिस्टोर केलेल्या गाड्यांत ते भोक बऱ्याचदा पावडर कोटिंगने आधीच बुजलेलं असतं आणि आतला दमटपणा आतच शिजतो. ४-५ मिलिमीटरचा ड्रिल बिट हातात धरून फिरवत ते मोकळं करा, उघड्या पडलेल्या कडेला ब्रशने रंग लावा, आणि बाहेरून ट्यूबचा नखाएवढा पडदा एका बाजूने चिकटवा. पाणी बाहेर जाईल, चाकाचं पाणी आत उसळणार नाही.

डब्याला आतून अस्तर लावायचं तर सीटचा फोम नको, तो स्पंज आहे. योगासनाच्या चटईचं किंवा चपलेच्या तळव्याचं ईव्हीए शीट पाणी पीत नाही. तेही तळाला पूर्ण चिकटवू नका, उचलून पुसता आलं पाहिजे.

सहावी तपासणी: झाकण

एका पावसाळ्यात माझ्याच येझदीचा डबा कसारा घाटात उघडला. मला कळलं ते खाली उतरल्यावर, प्लग काळा पडून गाडी बंद झाली तेव्हा. हात डब्यात घातला तर आत पाणी आणि एक पक्कड. दोन तास मी रस्त्याकडेला होतो, शेवटी एका ट्रकवाल्या दादांनी त्यांच्या पेटीतून जुना प्लग पाना काढून दिला. पण माझ्या डोक्यातून आजही जात नाही ते वेगळंच: तो अर्ध्या किलोचा पाना घाटात मागून येणाऱ्या कुणाच्या चाकाखाली किंवा तोंडावर गेला असता तर? म्हणून झाकणाबाबत मी कुणाचंही “चालतंय की” ऐकत नाही.

हाताने फिरवायचा स्क्रू असेल तर तो दोन-तीन आटे बसवून डावीउजवीकडे हलवून बघा. लडबडला तर आटे झिजलेत. डोक्याखाली रबरी ओ-रिंग घातली तर ताण राहतो आणि स्क्रू आपोआप सुटत नाही, पण झिजलेल्या आट्यांवर तो तात्पुरताच उपाय. चावीचं कुलूप असेल तर त्यात तेल सोडू नका, धूळ धरून ते अडकतं. पेन्सिलचं शिसं कानसावर घासून त्याची पूड चावीला लावून फिरवा.

मांडीने दाबून झाकण लागत असेल तर किट मोठं आहे असं लगेच समजू नका. रिकामा डबा लावून बघा. तरीही दाबावं लागलं तर कडांवर रंगाचा थर जाड झालाय. आतल्या कडेवरून, दिसणार नाही तिथून, बारीक पॉलिश पेपरने थर उतरवा.

आणि काहीही झालं तरी गुंडाळीच्या पट्ट्याला एक दोरी बांधून तिचं दुसरं टोक डब्याच्या आतल्या बोल्टला अडकवा. झाकण उघडलं तरी गुंडाळी डब्यातच राहिली पाहिजे.

सातवी तपासणी: बॅटरीचा शेजार

किट आणि बॅटरी एकाच डब्यात किंवा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतील तर चार गोष्टी बघा. दोन्ही टर्मिनलवर रबरी टोप्या आहेत का? बॅटरी पट्ट्याने घट्ट आहे का? पाण्याच्या बॅटरीची श्वासनळी, म्हणजे ती बारीक पारदर्शक नळी, मोकळी आहे का, आणि ती डबा, चेन, सायलेन्सर या सगळ्यांच्या खाली उतरते का? ती चिमटली की ॲसिडची वाफ डब्यातच सुटते आणि नवे कोरे पाने आठवड्यात पांढरे पडतात. चौथी गोष्ट: पाना टर्मिनलवर आडवा पडू शकतो का? ६ व्होल्ट आहे म्हणून गाफील राहू नका. व्होल्ट कमी असले तरी शॉर्ट झाल्यावर वाहणारा करंट पाना लाल करायला आणि वायर पेटवायला पुरतो. मध्ये ईव्हीएची किंवा रबराची आडभिंत पाहिजेच, कापडाची नाही.

मधूनच जाणाऱ्या फ्यूजचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं. डब्याच्या मागून जाणारी वायर चिमटीत धरून बोटाने चाचपा, डोळ्याने नाही. घासलेल्या जागी कवच सपाट आणि गुळगुळीत लागतं.

आठवी तपासणी: डब्यात मावत नाही, मग कुठे?

वरचं सगळं करून झाल्यावरच या प्रश्नाकडे या.

सीटच्या मागच्या भागाखाली, फ्रेमच्या पट्टीवर, दुसरी सपाट गुंडाळी छान लपते. टायर लिव्हरची जागा हीच. पण सीट दबल्यावर खाली किती जागा उरते हे आधी कळलं पाहिजे. घरातून कणकेचे तीन गोळे आणा, लिंबापेक्षा थोडे मोठे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. गुंडाळी जिथे बांधायची तिथे ते ठेवा, सीट लावा, दोघं बसून एका ब्रेकरवरून जाऊन या. सीट उचलल्यावर सगळ्यात चपटा झालेला गोळा मोजा. गुंडाळीची जाडी त्यापेक्षा निदान १० मिलिमीटर कमी हवी. स्प्रिंगच्या सिंगल सीटवाल्यांनी हे केल्याशिवाय तिथे काहीच बांधू नये. बांधल्यावर पट्ट्याचं लोंबणारं टोक कापा किंवा टेपने दाबा. चेनमध्ये गेलं तर मागचं चाक जाम होईल. मडगार्डच्या आतल्या बाजूला काहीही बांधू नका, चाक वर येतं.

जादा क्लच केबल डब्यात वेटोळं करून ठेवण्यापेक्षा मूळ केबलच्या शेजारून तिच्याच मार्गाने ओढून ठेवा, दोन्ही टोकांना टेप लावून. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तुटल्यावर फक्त टोकं बदलायची.

काही जागा मोहात पाडतात, पण नकोत. एअर फिल्टरच्या डब्यात बरीच जागा दिसते. तिथे ठेवलेलं फडकं हवेची वाट अडवतं, गाडी पेट्रोल जास्त खाते आणि धागे कार्ब्युरेटरमध्ये जातात. टाकीखालच्या बोगद्यातून वायरिंग आणि केबली जातात, तिथे लोखंड गेलं की कवच घासणारच. हेडलाइटच्या वाटीत तर वायरींचं जाळंच असतं. दोन सायलेन्सरवाल्या जावा-येझदीत खालच्या बाजूला उष्णता असते. स्प्रेचा डबा, लायटर किंवा पेट्रोलची बाटली कुठल्याच डब्यात ठेवू नका. स्प्रेवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात ठेवू देत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डब्याच्या कानापाशी किंवा तो ज्या फ्रेमच्या तुकड्याला बसतो तिथे रंगात केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर. शंका असेल तर तेवढाच रंग काढा, डिझेल लावा, पुसून कोरडं करा आणि वर खडू घासा. चीर असेल तर तिच्यातलं डिझेल खडूवर काळसर रेघ काढतं. डब्याची चीर पत्र्याच्या कारागिराचं काम आहे. फ्रेमची चीर असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.

फ्यूज बदलून पुन्हा गेला, किंवा वायरचं कवच वितळलेलं दिसलं, तर बॅटरी सोडवून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. जाड फ्यूज घालून पुढे जाणं म्हणजे आग टाकीखाली नेणं. बॅटरी फुगलेली किंवा झिरपत असेल तरीही तेच.

फ्रेममधला आटा झिजला असेल तर मोठा टॅप मारू नका, म्हणजे मोठ्या मापाचे आटे पाडू नका. लेथवाल्याकडून त्याच मापाचा हेलिकॉइल (आट्यांसाठीचं तारेचं वेटोळं) बसवून घ्या.

आणि लपवलेल्या डब्यासाठी कुणी फ्रेमला भोक पाडायला किंवा पट्टी वेल्ड करायला सांगितलं तर नाही म्हणा. भोकापासून चीर सुरू होते. शिवाय जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीला “व्हीए” मालिकेतला व्हिंटेज क्रमांक हवा असेल तर गाडी मूळ रूपात लागते, चासीत मोठे फेरफार केलेली चालत नाही. डब्याच्या स्वतःच्या पत्र्याला टाका मारायचा असेल तर डबा सुटा करून न्या. सुटा होणारच नसेल तर वेल्डिंगवाल्याकडे जायच्या आधी टाकी उतरवून घरी ठेवा, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा, आणि अर्थचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ लावायला सांगा, म्हणजे करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढणार नाही. गाडी उभी असेपर्यंत तिथून हलू नका.